टीडीएस मीटरवर विसंबू नका, पाणी लॅबमध्ये द्या : पुण्याच्या राज्य आरोग्य प्रयोगशाळेचा अनुभव

सोसायटीत राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, जरा लांबलंय पण वाचा. आमच्याकडे पावसाळा लागला की पोटं बिघडायची, लहान मुलांची तर जास्तच, आणि मीटिंगमध्ये कोण टँकरवर ढकलतंय कोण कॉर्पोरेशनवर, निष्पन्न काहीच नाही. मग कमिटीने ठरवलं की पाणी तपासूनच घेऊ, आणि कॅम्पात स्टेव्हली रोडला कॅन्टोन्मेंट वॉटर वर्क्सच्या आवारात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे तिथे नमुने दिले.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे नमुना कसा घ्यायचा हे तिथे नीट समजावून सांगितलं. जंतू तपासायचे असतील तर घरची बिसलेरीची बाटली चालत नाही, निर्जंतुक केलेलीच बाटली लागते, बुचावर ब्राऊन पेपर बांधलेली, आणि तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते कशाला, तर पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवायला, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारतच राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. म्हणून ती बाटली विसळायची नाही अजिबात. नळाचं तोंड पुसून ज्योतीने शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बुचाला आतून बोट लागू द्यायचं नाही, बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून लगेच पोचवायची, २४ तासांच्या आत तर नक्कीच, जितकं लवकर तितकं चांगलं. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड वगैरे रासायनिक तपासणीला वेगळा स्वच्छ कॅन लागतो, एकाच बाटलीत दोन्ही होत नाही.

आणि नमुना एकाच ठिकाणचा देऊ नका!! आम्ही कॉर्पोरेशनची लाइन जिथे आत येते तिथला एक आणि वरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा एक असे वेगळे दिले म्हणून उलगडा झाला. लाइनचं पाणी पिण्यास योग्य, टाकीचं पिण्यास अयोग्य. म्हणजे घाण आमच्याच आवारात मिसळत होती. खालची टाकी रिकामी करून बघितली तर ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीला तडा, आणि तिथून ओल आत येत होती. वॉटरप्रूफिंग केलं, टाकी ब्लीचिंगने धुवून घेतली, परत नमुना दिला, आता रिपोर्ट योग्य आहे. इतके दिवस बिचाऱ्या टँकरवाल्याला बोल लावत होतो सगळे.

रिपोर्ट लगेच हातात मिळत नाही आणि मिळूच शकत नाही हेही समजून घ्या. पाणी मॅकॉन्की नावाच्या, जंतू वाढवायच्या जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांमध्ये घालून ३७ डिग्रीला २४ ते ४८ तास ठेवतात, कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असणारे जंतू, असले तर द्रावण पिवळं पडतं आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत गॅसचा बुडबुडा धरतो, किती नळ्यांत असं झालं त्यावरून जंतूंचा अंदाज काढतात, मग त्यातला विष्ठेतून येणारा ई कोलाय आहे का ते ४४ डिग्रीला वेगळं बघतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिली पाण्यात कोलिफॉर्म सापडताच कामा नये. थोडेसे चालतील असं काही नाही.

आता मला खरंच राग येतो ती गोष्ट. दारावर फिल्टर विकणारे येतात, टीडीएस मीटर बुडवतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यात जंतू दिसतच नाहीत. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळातच कमी टीडीएसचं, मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय, मग त्यात गटाराचं पाणी मिसळलं तरी मीटर छानच दाखवणार ना? दुसरा प्रकार म्हणजे ग्लासात दोन सळयांचं विजेचं यंत्र सोडून पाणी तपकिरी करून दाखवणं. तो गाळ त्या लोखंडी सळईचा असतो हो, आरओच्या, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरच्या, पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही म्हणून ते तसंच राहतं. शेजारच्या आजी हे बघून इतक्या घाबरल्या की त्याच दिवशी ॲडव्हान्स देऊन मोकळ्या झाल्या.

जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट वाढले तेव्हा काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला, पाण्याचे नमुने तपासणीला याच सरकारी आरोग्य प्रयोगशाळेकडे गेले, आणि महापालिकेने काही खासगी आरओ प्लांटसुद्धा बंद केले. वीस लिटरचा जार आणला म्हणजे निश्चिंत असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, जारच्या पाण्याचाही नमुना देता येतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. जाताना आधी फोन करून नमुना कधी घेतात, फी किती आणि बाटली कुठून घ्यायची ते विचारून घ्या, सुट्टीच्या आदल्या दिवशी शक्यतो नेऊ नका, आणि बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि शेवटचं क्लोरीन कधी टाकलं ते पक्क्या शाईने लिहा. पावसाळ्याआधी एकदा आणि टाकी धुतल्यावर एकदा असं आमच्या कमिटीने आता मिनिट्समध्येच घालून टाकलंय, फॉरमॅट कोणाला हवा असेल तर सांगा, पाठवते.