विजापूर रोडवरील डे-केअर विभाग : रक्तवाढीची इंजेक्शने आणि ती देणाऱ्या सिस्टर

माझ्या आईला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. परंतु अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातच तयार होत असल्याने, ते कमी पडू लागले आणि तिचे हिमोग्लोबिन ७.४ वर आले. गेले आठ महिने आम्ही तिला सोलापुरातील विजापूर रोडवरील एका खासगी रुग्णालयाच्या डे-केअर विभागात एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनासाठी आणि शिरेतून द्यावयाच्या लोहासाठी नेत आहोत. औषधे डॉक्टर लिहून देतात आणि ती जवळजवळ सगळीकडे सारखीच असतात. फरक पडतो तो ती देणाऱ्या हातांना औषधाची किती माहिती आहे यामुळे, आणि हे परीक्षण त्याविषयीच आहे.

येथे येण्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आईला आयर्न सुक्रोज हे शिरेतून द्यावयाचे लोहाचे औषध दिले गेले होते. सुई शिरेतून किंचित सरकली होती. आई ‘हात चुरचुरतो’ असे दोनदा म्हणाली, तरीही सलाईन तसेच चालू राहिले. लोहाचे औषध कातडीखाली उतरले की तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्महिने, कधी कधी कायमचा राहतो, हे आम्हांला त्यानंतर कळले. तो डाग आजही तिच्या डाव्या कोपराखाली आहे. त्यामुळे या विभागात पहिल्या दिवशी सिस्टरांनी औषध जोडण्याआधी नुसते सलाईन सोडून शीर तपासली, आईला ‘जराही आग झाली तर लगेच सांगा, संकोच करू नका’ असे बजावले आणि पहिली दहा मिनिटे त्या खुर्चीजवळून हलल्या नाहीत, तेव्हा मला किती धीर आला हे शब्दांत सांगणे कठीण आहे. २०० मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्येच मिसळले जाते, ग्लुकोजच्या बाटलीत नाही, आणि अर्ध्या तासात सावकाश दिले जाते. नंतरचा अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवून बीपी पुन्हा पाहतात. अचानक रिॲक्शन आल्यास लागणारा औषधांचा ट्रे त्या वेळी भरलेला आणि हाताशी असतो.

मे महिन्यातील एक प्रसंग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. एरिथ्रोपोएटिनची भरलेली सिरिंज आम्ही बाहेरच्या दुकानातून घेतली होती. पारा ४२ अंशांच्या वर असताना ती साध्या पिशवीतून, रिक्षाने, वाटेत आणखी एक काम उरकत आम्ही आणली. सिस्टरांनी सिरिंज हातात घेतल्याबरोबर ‘फ्रीजमधून बाहेर काढून किती वेळ झाला?’ असे विचारले. दीड-दोन तास झाल्याचे सांगताच त्यांनी ती टोचण्यास नकार दिला. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते आणि सोलापूरच्या उन्हात पिशवीत तापलेल्या सिरिंजमधील प्रथिन टिकले असेल याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. त्या दिवशी पैसे वाया गेल्याचे मला वाईट वाटले, परंतु निकामी औषध टोचून घेऊन महिनाभर ‘गुण का येत नाही’ म्हणत बसण्यापेक्षा ते नुकसान लहान होते. पुढच्या वेळी मी उत्साहाने थर्मासमध्ये बर्फ भरून त्यातच सिरिंज खोवून नेली, तेव्हाही त्यांनी टोकले. गोठल्यानेही हे औषध वाया जाते, म्हणून बर्फ आणि सिरिंज यांच्यामध्ये फडके हवे. सिरिंज जोराने हलवायची नसते, हेही त्यांच्याकडूनच कळले.

दर वेळी टोचण्याआधी बीपी मोजले जाते, कारण या इंजेक्शनाने रक्तदाब वाढू शकतो. जुलैमध्ये आईचे बीपी १८० च्या वर निघाले, तेव्हा सिस्टरांनी इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना बोलावले. हिमोग्लोबिन ११.६ झाल्यावर मात्रा कमी करण्यात आली, तेव्हा आई खट्टू झाली. रक्त जितके वाढेल तितके बरे, अशी तिची समजूत होती. या औषधाच्या जोरावर ते १३ च्या पुढे रेटल्यास रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे सिस्टरांनी तिच्या शेजारी बसून, तिला पटेपर्यंत सांगितले. लोहाचा साठा रिकामा असेल तर इंजेक्शनाचा उपयोग होत नाही, म्हणून फेरीटिनचा, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अहवाल जुना झाला असल्यास त्या स्वतःहून आठवण करतात.

शेजारच्या खुर्चीवर एकदा पूर्व भागातील एक विडी कामगार ताई होत्या. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही म्हणून त्यांना शिरेतून लोह देण्याचे ठरले होते. सिस्टरांनी तेलुगूत विचारपूस केली, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या : गोळी रोज चहाबरोबर घेतली जात होती, आणि शौचास काळे होऊ लागल्याने घाबरून ती पंधरा दिवसांतच बंद केली होती. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, तो अपेक्षितच असतो, आणि चहा व गोळी यांत किमान तासा-दोन तासांचे अंतर हवे, एवढे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते. डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त शौच झाले, तर मात्र लगेच दाखवा, हा फरकही सिस्टरांनी स्पष्ट केला.

तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. हे ज्ञान सगळ्यांकडे सारखे नाही. संध्याकाळच्या पाळीत एका नव्या सिस्टरांना मी विचारले की, आईची कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर चालेल का. ‘काही फरक पडत नाही’ असे उत्तर मिळाले. फरक पडतो, कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते, हे सकाळच्या सिस्टरांनी आणि नंतर डॉक्टरांनीही सांगितले. त्या मुलीचा हात हलका आहे, वागणे प्रेमळ आहे, परंतु तिला कोणी नीट शिकवले नसेल तर दोष तिच्या एकटीचा नाही. रुग्णालयाने नव्या सिस्टरांना जुन्यांच्या हाताखाली काही आठवडे ठेवावे, आणि घरी जाताना मिळणारा इंग्रजी कागद मराठीत व तेलुगूत छापावा.

खुर्च्या जुन्या आहेत, नोंदणीला वेळ लागतो आणि दुपारी एकनंतर गर्दी होते. शक्यतो सकाळी नऊपर्यंत पोहोचावे, शेवटचा सीबीसी (रक्तपेशी व हिमोग्लोबिनची तपासणी) अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर ठेवावीत, आणि इंजेक्शन बाहेरून घेणार असाल तर ते रुग्णालयाच्या अगदी जवळच्या दुकानातून, टोचून घेण्याच्या थोडा वेळ आधीच घ्यावे.