नवमतदार नोंदणीची ऑनलाइन सेवा: सतराव्या वर्षी केलेल्या अर्जाचा अनुभव

माझ्या मुलीला फेब्रुवारी २०२४ मध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. तिच्या मतदार नोंदणीचा अर्ज मात्र आम्ही त्याआधीच्या नोव्हेंबरमध्येच ऑनलाइन भरून ठेवला होता. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना असा आगाऊ अर्ज करता येतो, ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय आहे.

ती इतकी मोलाची का वाटते, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मतदानाचे किमान वय मुळात २१ होते. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि निम्म्याहून अधिक राज्यांच्या अनुमोदनानंतर २८ मार्च १९८९ पासून वयाची अट १८ वर आली. त्याच वर्षी नवव्या लोकसभेची निवडणूक झाली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. ही दुरुस्ती झाली नसती, तर त्या वेळी मला मतदान करताच आले नसते.

तरीही एक उणीव पुढे अनेक वर्षे राहिली. पात्रतेसाठी वर्षातून १ जानेवारी ही एकच तारीख धरली जात असे. त्यामुळे २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला पुढच्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणिसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, थांबावे लागे. २०२१ च्या कायदेदुरुस्तीने ही अडचण दूर केली आणि ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता दिनांकांची व्यवस्था लागू झाली. माझ्या मते, १९८९ मध्ये दिलेला हक्क खऱ्या अर्थाने अठराव्या वर्षी हाती पडू लागला तो तेव्हापासून.

नमुना ६, म्हणजे नवमतदार नोंदणीचा अर्ज, भरायला आम्हाला अर्धा तास पुरला. छायाचित्र, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागला. त्याच पत्त्यावर राहणाऱ्या, आधीच मतदार असलेल्या कुटुंबीयाचा ओळखपत्र क्रमांकही त्यात विचारला जातो. तेथे तिने माझा क्रमांक स्वतः टंकित केला, तेव्हा मला फार समाधान वाटले. अर्ज दाखल होताच मिळालेल्या संदर्भ क्रमांकावरून त्याची स्थिती वेळोवेळी पाहता आली. पुढे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन कागदपत्रे पडताळून गेल्या आणि ओळखपत्र टपालाने आले.

यापूर्वी एका खासगी केंद्रात याच अर्जासाठी आमच्याकडे पैसे मागितले गेले होते. हा अर्ज पूर्णपणे निःशुल्क आहे आणि मोबाइलवरूनही भरता येतो, हे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. चार तारखांची माहिती मात्र अजून घराघरांत पोहोचलेली नाही. ती अकरावी-बारावीच्या वर्गांत आवर्जून सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. मतदानाच्या दिवशी यादीत घरातील इतरांच्या नावांलगत मुलीचे नाव दिसले नाही आणि ती क्षणभर घाबरली. नव्याने समाविष्ट झालेली नावे शेवटी जोडलेल्या पुरवणी यादीत असतात. तिचे नावही तेथेच होते. नवमतदारांनी आपला अनुक्रमांक आदल्या दिवशीच पाहून, लिहून ठेवावा.