साडेतीनशेचा पट्टा आणि चार हाफ मॅरेथॉन

गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखावलं तेव्हा पन्नाशी उलटली होती आणि 'वर्षभरात चार हाफ मॅरेथॉन' असं मी बायकोसमोर बोलून बसलो होतो. मग काय, औषधांच्या दुकानातून हा गुडघ्याचा पट्टा आणला. साडेतीनशे रुपये.

पट्टा वाटीवर नाही, वाटीच्या बोटभर खाली बांधायचा. खोक्यावर हे कुठंही धड लिहिलेलं नाही. पहिला आठवडा मी वाटीवरच करकचून आवळला आणि वर दुकानदाराला नावं ठेवली. शेवटी फिजिओताईंनी हसत हसत जागा दाखवली. टेंडनवरचा ताण थोडा वाटून द्यायचा, एवढंच त्याचं काम. दुखणं तो बरं करत नाही. ते जिन्याच्या पायरीवर एका पायानं सावकाश खाली बसायच्या कंटाळवाण्या व्यायामानं केलं.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढताना पट्टा घातलाय हेच विसरलो. उतारावर मात्र घामानं भिजून पोटरीवर घसरला. दोनदा थांबून बांधला. वेलक्रोत मोज्याचे धागे अडकतात, तिसऱ्या शर्यतीपर्यंत पकड गेलीच. मुंबईत सी लिंकवर सेफ्टी पिन टोचून धावलो. 21.0975 किलोमीटर, दोन तास एकतीस मिनिटं. चौथी! गुडघ्यामागं पुरळ उठलं ते वेगळंच.

पाचपैकी तीन तारे. आता दुसरा आणलाय, आतून रबरी पट्टी असलेला. कंपनीही दुसरी.