गिंको घ्यायचं की ब्राह्मी?

फोंड्यात आमच्याकडे कोणी जरा विसरायला लागलं की एकजण गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या सुचवतो आणि दुसरा म्हणतो ब्राह्मी द्या. गिंकोवर अभ्यास भरपूर झालाय, अमेरिकेत 75 च्या वरच्या 3069 लोकांपैकी साधारण अर्ध्यांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी देऊन काही वर्षं बघितलं, 2008 ला निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा स्मृतिभ्रंश, टळला नाही. मला खरी भीती रक्ताची वाटते, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, प्लीज. फिट येणाऱ्यांनी तर लांबच राहा.

ब्राह्मी आपल्याकडे ओलसर जागेत आपसूक येते, पण बाजारात मंडूकपर्णीसुद्धा ब्राह्मी म्हणूनच विकतात, म्हणून पान बघा, ब्राह्मीचं बारीक नि जाडसर, मंडूकपर्णीचं गोल. ब्राह्मीचे प्रयोग छोटे आहेत, बऱ्याचदा रोज 300 मिलिग्रॅम अर्क 12 आठवडे, आठवणीत थोडा फरक दिसलाय. पोट मात्र बिघडू शकतं, जेवणासोबत घ्यावी.

माझ्या आईला रक्त पातळ करायची गोळी आहे, तिला मी गिंको देणार नाही, ब्राह्मीपण तिच्या डॉक्टरांना विचारूनच.