तीन लिटरचा ट्रायप्लाय कुकर: गुरगुट्या भातापासून खपलीच्या खिरीपर्यंत

गेल्या दिवाळीच्या आधी तीन लिटरचा ट्रायप्लाय स्टीलचा कुकर घेतला. आता आषाढ सरत आलाय. मधल्या काळात तो रोज गॅसवर चढला, म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला बोलायचंय ते या प्रकारच्या भांड्याबद्दल. वरण-भात कुठल्याही कुकरमध्ये होतो. असा जाड कुकर पारखायचा तो दुधावर आणि मऊ, घट्ट शिजणाऱ्या पदार्थांवर. माझा त्या परीक्षेत उतरला.

आमच्या घरी चार तोंडं. सासूबाईंना सगळं मऊ लागतं, मुलाला खिचडी दिली की तो खूश, आणि रविवारी जेवणानंतर काहीतरी गोड हवंच असतं. आधीचा स्टीलचा कुकर पातळ बुडाचा होता. त्यात मऊ खिचडी केली की मधोमध, बरोबर ज्योतीवर, पिवळा खरपुडा धरायचा आणि सगळ्या खिचडीला लागल्याचा वास यायचा. याचं कारण धातूत आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने स्टेनलेस स्टील उष्णता फारच कमी वाहून नेतं, साधारण पंधरावा हिस्सा. त्यामुळे ज्योत जिथे लागते तेवढीच जागा तापते. ट्रायप्लायमध्ये स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि तो बुडापासून काठापर्यंत जातो. आच सगळीकडे पसरते, आणि अन्नाला मात्र स्टीलच लागतं. ‘सँडविच बॉटम’ म्हणून मिळतात त्यात हा थर फक्त बुडाला असतो. घेताना हा फरक विचारून घ्या, दुकानात दोन्ही शेजारी शेजारीच मांडलेले असतात.

खिचडीचं माझं माप आता ठरून गेलंय: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, पाच वाट्या गरम पाणी. कुकरमध्येच तुपावर जिरं, हिंग, हळद, थोडं आलं, मग धुतलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतायचे. एक शिटी मोठ्या आचेवर, नंतर गॅस अगदी बारीक करून आठ मिनिटं. वाफ जिरल्यावर झाकण काढलं की बूड स्वच्छ असतं. आजारी माणसासाठी आंबेमोहोराचा गुरगुट्या भातही असाच, एकाला चार पाणी. वर मेतकूट, तूप, लिंबाचं गोड लोणचं. सासूबाईंना ताप होता तेव्हा आठवडाभर हेच चाललं आणि त्यांनी एकदाही ताट परत केलं नाही.

इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. या कुकरला शिट्ट्या मोजून स्वयंपाक करता येत नाही. बूड जाड, त्यामुळे पहिली शिटी उशिरा येते, आणि गॅस बंद केल्यावरही आत बराच वेळ शिजत राहतं. शिटीचं वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब धरून ठेवतं आणि आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. एकदा तो दाब आला की शिट्ट्या किती वाजल्या याला अर्थ राहत नाही, वेळेला राहतो. मी फ्रिजवर मिनिटांची यादी चिकटवली आहे. गॅसही कमी लागतो असं मला वाटतं, कारण मोठ्या आचेची गरज फक्त सुरुवातीलाच पडते.

आता गोडाचं. तांदळाची खीर याच्यात इतकी सुरेख होते की मी दूध आटवत उभं राहणं बंद केलं. मूठभर आंबेमोहोर तुपावर परतायचा, एक लिटर म्हशीचं दूध ओतायचं, शिटी आली की सगळ्यात बारीक आचेवर वीस मिनिटं. दुधाला हलका गुलाबीसर रंग येतो आणि दाणा विरघळायला आलेला असतो. साखर, वेलदोडा आणि तासगावचे बेदाणे झाकण काढल्यावर घालायचे. पण सावध राहा: दूध फेसाळतं आणि शिटीच्या नळीत जाऊन अडकू शकतं. म्हणून तीन लिटरच्या कुकरमध्ये एक लिटरच्या वर दूध मी घालत नाही, आणि वाफ आपली आपण जिरल्याशिवाय शिटीला हात लावत नाही.

पण या कुकरची खरी करामत खपली गव्हाच्या खिरीत दिसते. आमच्या सांगलीकडे ही खीर जत्रेला, महाप्रसादाला मोठ्या कढईत होते. घरी करायची तर गहू शिजायलाच अर्धा दिवस जाईल म्हणून लोक टाळतात. कांडलेले खपली गहू वाटीभर, रात्रभर भिजवायचे. सकाळी चार वाट्या पाणी, शिटी आली की मंद आचेवर चाळीस मिनिटं. दाणा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे. मग पळीच्या पाठीने थोडा घोटायचा, म्हणजे खिरीला मिळून येणारा दाटपणा येतो आणि काही दाणे अख्खेही राहतात. चिरलेला गूळ वाटीभर, ओलं खोबरं, भाजलेली खसखस, सुंठ, वेलदोडा, थोडी बडीशेप, मिठाची कणी, आणि उघड्या कुकरमध्येच दहा मिनिटं रटरटू द्यायचं. गूळ आधी घातला तर दाणा कडक राहतो, म्हणून तो शिजल्यावरच. दूध कुकरमध्ये घालायचं नाही, गुळात फाटतं. वाटीत खीर वाढून वर कोमट दूध आणि तूप. पातळ बुडात या दहा मिनिटांत गूळ हमखास खाली धरतो. इथे मी शेजारी कणीक मळत असते आणि मधूनच पळी फिरवते, तेवढं पुरतं.

खरवसही होतो. शिटी काढून, डबा झाकून, वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचा. तो जुन्या कुकरमध्येही इतकाच छान व्हायचा, त्यासाठी नवा घ्यायची गरज नाही.

तक्रारी आहेतच. वजन बरंच आहे. सासूबाईंना भरलेला कुकर उचलवत नाही, तो मीच उतरवते. पाहुणे आले की तीन लिटर तोकडा पडतो, कारण खिचडी किंवा डाळ फुगते म्हणून निम्म्याच्या वर भरायची नसते. मूठ धरणारा स्क्रू दोन-तीन महिन्यांनी आवळावा लागतो. बुडाला निळसर छटा येते, ती लिंबाच्या फोडीने जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबरी रिंग. लसणाची फोडणी, गरम मसाल्याची उसळ यांचा वास रबरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी खिरीला लागतो. धुऊन, उन्हात ठेवूनही पूर्ण जात नाही. मी गोडासाठी दुसरी रिंग घेतली, वेगळ्या डब्यात ठेवते, आणि तेव्हापासून हा त्रास संपला. ही दुसरी रिंग मिळायला मात्र आमच्या गावातल्या दुकानदाराने महिनाभर खेटे घालायला लावले. म्हणून कुकर घेतानाच दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच बिलात घालून घ्या.

किंमत साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरच्या दुपटीहून जास्त पडते. रोज नुसते वरण-भाताचे डबे लावणार असाल तर एवढे पैसे घालू नका. फोडणी, खिचडी, पुलाव, खिरी एकाच भांड्यात करणार असाल तर जरूर घ्या. आयएसआयची खूण आणि आयएस 2347 हा क्रमांक बघूनच घ्या. 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे, तरी ऑनलाइन घेताना फोटोत ती दिसतेय का ते मोठं करून तपासा.