२८ दिवस, एक रोप: उत्तरकाशीच्या बेसिक कोर्समधून नेतृत्व किती शिकता येतं?

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘निम’चा, २८ दिवसांचा बेसिक कोर्स बहुतेक जण चढाई शिकण्यासाठी करतात. प्रस्तरारोहण, बर्फावरची चाल, गाठी, रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरणं) हे सगळं तिथे पद्धतशीर शिकवलं जातं आणि त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. इथे तोच कोर्स वेगळ्या कसोटीवर पाहिला आहे. दर शनिवार-रविवारी तीस-चाळीस अनोळखी माणसं घेऊन गडावर जाणाऱ्या लीडरला यातून काय मिळतं? सह्याद्रीत आज अशा लीडरांची संख्या मोठी आहे आणि त्यातल्या अनेकांचं प्रशिक्षण ‘चार वेळा तो ट्रेक केलाय’ एवढ्यावरच थांबलेलं असतं.

संस्था १९६५ सालची, भागीरथीच्या काठी, गावाच्या वरच्या अंगाला. १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल इथल्याच विद्यार्थिनी. पण या कोर्सचं खरं बळ त्याच्या रचनेत आहे. पूर्ण तुकडी सहा ते आठ जणांच्या गटांत वाटली जाते आणि त्या गटालाच ‘रोप’ म्हणतात. प्रत्येक रोपला एक प्रशिक्षक आणि विद्यार्थ्यांतलाच एक रोप लीडर. कोर्सभर ‘तुझा रोप कुठला?’ हीच ओळख असते. एक जण उशिरा आला तर रोप उशिरा आला, एकाचा कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) हरवला तर रोपचा हरवला.

रोप लीडरचं काम कागदावर मामुली दिसतं. सकाळी फॉल-इनला (हजेरीच्या रांगेत) संख्या सांगायची, स्टोअरमधून सामान उचलायचं, संध्याकाळी मोजून परत करायचं, लेक्चरची वेळ रोपला कळवायची, आजारी कोण आहे ते प्रशिक्षकाला सांगायचं. हेच काम शिकण्यासारखं आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक रोपमध्ये एकच चूक होते. लीडर सगळं स्वतः करतो. दोर तोच उचलतो, हेल्मेट तोच मोजतो, मागे राहिलेल्याची सॅकही तोच घेतो. चौथ्या दिवशी तो दमलेला असतो आणि बाकीच्यांना काय कुठे आहे याचा पत्ता नसतो. सामान वाटून दिलं की चित्र बदलतं: दोर एकाकडे, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि हेल्मेट दुसऱ्याकडे, कॅरॅबिनर आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) तिसऱ्याकडे, आणि रोज त्याच माणसाकडे तीच वस्तू. लीडरचे हात मोकळे राहतात आणि नजर माणसांवर राहते. हा धडा कुठल्याही व्याख्यानात नाही, तो स्टोअरच्या रांगेत मिळतो.

प्रस्तरारोहणाचा सराव टेखलाच्या कातळांवर होतो. तिथे शेजारी-शेजारी चार-पाच दोर लागलेले असतात आणि सगळीकडून ‘स्लॅक’ (दोर सैल सोड), ‘टाइट’ (दोर ताण) अशा हाका येत असतात. नुसतं ‘स्लॅक’ ओरडलं तर शेजारचा बिलेअर, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, दोर सोडू शकतो. म्हणून आधी नाव, मग आज्ञा, आणि समोरच्याने तीच आज्ञा परत उच्चारायची. चढणाऱ्याने ‘क्लाइंबिंग’ म्हणायचं आणि बिलेअरकडून ‘क्लाइंब ऑन’ आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. शांतता म्हणजे होकार असं धरायचं नाही. ट्रेकच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी टॉर्च आणा’ असा मेसेज टाकून निर्धास्त होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. उत्तर आलं नाही तर निरोप पोहोचला नाही असंच समजायचं.

एकमेकांची तपासणीही अशीच. हार्नेसचा पट्टा बकलमधून परत फिरवून ओवला आहे का, कॅरॅबिनरचा स्क्रू बंद आहे का, गाठ बरोबर आहे का, शेपटाला पुरेसा दोर सुटला आहे का, हे सोबत्याने डोळ्यांनी बघून आणि हाताने ओढून पाहायचं. इथे चूक सहसा नवख्याची नसते. घरून गाठी शिकून आलेला सर्वांत आधी तयार होतो, त्याला कुणी तपासत नाही आणि तोही ‘मला येतं’ म्हणत उभा राहतो. चांगला रोप लीडर अशा माणसाला शिकवायला बसवतो. त्याचा वेळ सत्कारणी लागतो आणि शिकवताना त्याच्याही चुका दिसतात.

त्यानंतर डोंगरात मुक्काम. बऱ्याच तुकड्यांना भुक्की गावातून चढून डोकरियानी बामक या हिमनदीवर नेतात. पाठीवर पंधरा-वीस किलोची सॅक असते. महाराष्ट्रातून गेलेल्यांचा घोळ इथे होतो. सह्याद्रीत चढ तीन-चार तासांचा, त्यामुळे दम लागेपर्यंत चढायचं आणि वर जाऊन बसायचं ही सवय. हिमालयात तीच चाल धरली की संध्याकाळी डोकं धरून बसावं लागतं. रोपची चाल सर्वांत हळू माणसाची असते आणि त्याला लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं. शेवटी ठेवलं तर रांग ताणते, तो धापा टाकत थांब्यापर्यंत येतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, आणि ज्याला गरज जास्त त्यालाच विश्रांती मिळत नाही. आपल्याकडे ‘स्लो’ माणसाला बॅकलीडच्या (रांगेच्या शेवटी चालणाऱ्या लीडरच्या) गळ्यात बांधण्याची जी पद्धत आहे, ती यामुळेच चुकीची.

उंचीवर आजार लपवणं हा रोपचा सर्वांत मोठा धोका आहे. कोर्समधून परत पाठवतील या भीतीने मुलं डोकेदुखी सांगत नाहीत. ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येतं. म्हणून प्रश्न मोजता येण्याजोगे हवेत. सकाळपासून किती पाणी प्यायलास? लघवी कितीदा झाली, रंग कसा होता? रात्री किती खाल्लंस? झोप लागली का? सरळ रेषेत टाचेला बोट लावून दहा पावलं चालून दाखव. तंबूत शेजारी झोपणाऱ्याला वेगळं विचारावं, कारण रात्री कोण उलटी करायला उठला हे त्यालाच माहीत असतं. राजगडावर मे महिन्यात उन्हाने कुणी गळू लागलं तर हेच प्रश्न जसेच्या तसे चालतात.

या कोर्समधला सर्वांत मोलाचा धडा हिमनदीवर, एका दोरात बांधून चालताना मिळतो. दोघांत साधारण आठ ते दहा मीटर अंतर, दोर बर्फाला जेमतेम टेकलेला, हातात वेटोळी धरायची नाहीत. दोर सैल राहिला तर पडणाऱ्याला वेग मिळतो आणि मागच्याला आइस अ‍ॅक्स (बर्फात मारायची कुऱ्हाड) रोवायच्या आत हिसका बसतो. फार ताणला तर पुढच्याचा पाय उचलताना तोल जातो. मधल्या माणसाला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं आणि दोरावर क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या अणकुचीदार खिळ्यांचा) पाय पडू द्यायचा नाही. हे सगळे चार दिवसांत शिकतात. जे उशिरा उमजतं ते असं: पहिला माणूस तीव्र उतार चढून सपाटीवर येतो, त्याला हलकं वाटतं आणि त्याचा वेग आपोआप वाढतो. त्या क्षणी तिसरा आणि चौथा अजून उतारावरच असतात. पुढच्याच्या सुखाचा हिसका मागच्याच्या कमरेला बसतो. म्हणून स्वतःची वाट सोपी झाली की लीडरने मुद्दाम हळू व्हायचं, शेवटचा माणूस सपाटीवर येईपर्यंत. सह्याद्रीतले कातळटप्पे डोळ्यांसमोर आणा. पुढचे दहा जण टप्पा पार करून माथ्याकडे सुटतात आणि मागचे वीस जण कातळावर एकटे पडल्यासारखे घाबरतात. दोर नसला तरी हिसका तोच असतो, फक्त तो लीडरला जाणवत नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे रोप लीडर अंमलबजावणी करतो, निर्णय घेत नाही. किती वाजता निघायचं, हवा बिघडली तर परतायचं का, कुणाला खाली पाठवायचं, हे सगळं प्रशिक्षक ठरवतात. नवख्यांच्या बाबतीत ते तसंच हवं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर याच संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २५ हून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक गेले. डोंगरातल्या निर्णयाचं वजन किती असतं ते यापेक्षा वेगळं सांगायला नको. पण म्हणूनच, बेसिक कोर्सचा बॅज छातीवर लावून आलेल्याला ‘मागे फिरायचं’ हे ठरवण्याचा सराव झालेला आहे, असं कुणी समजू नये.

दुसरी उणीव चर्चेची. दिवस भरगच्च असतो, संध्याकाळी सगळे थकलेले असतात आणि ‘आज रोप म्हणून काय चुकलं’ यावर शांतपणे बसून बोलणं क्वचितच होतं. योगायोगाने १९६५ मध्येच अमेरिकेत पॉल पेट्झोल्ड यांनी ‘नोल्स’ ही शाळा काढली. तिथे नेतृत्व हाच मुख्य विषय आहे, लीडर आळीपाळीने बदलतो आणि दिवसअखेर त्याच्या कामाची चर्चा होते. तिचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा, पण पद्धत उचलता येते. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, तीनच प्रश्न: आज वेळ कुठे गेला, कुणाला एकटं वाटलं, उद्या एक गोष्ट कोणती बदलायची. लीडरने शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्याच्याच सुरात बोलतात.

तिसरी बाब श्रेणीची. श्रेणी व्यक्तीला मिळते आणि पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्ससाठी ‘ए’ लागते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात काही जण रोप विसरून स्वतःपुरते पळू लागतात. हे माहीत असलं तर मन सावरता येतं.

आणि इथे शिकलेली शिस्त घरी जशीच्या तशी चालत नाही. कोर्समध्ये शिट्टी वाजली की सगळे रांगेत उभे राहतात, कारण तिथे श्रेणीचा धाक असतो. पैसे भरून ट्रेकला आलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं, तेही आधी, पायथ्याशी. पावसाळी ओढा, घसारा, आग्या मोहोळ, दुपारचं ऊन, यातलं काहीच उत्तरकाशीत शिकवत नाहीत. ते इथल्या जुन्या क्लबांकडूनच शिकावं लागेल.

तरीही शिफारस ठाम आहे: दुसऱ्यांना डोंगरात नेणाऱ्या प्रत्येकाने हा कोर्स करावा. कंपन्यांच्या दोन दिवसांच्या आउटबाउंड पॅकेजची याच्याशी तुलना होऊ शकत नाही. तराफा बांधण्याच्या खेळात भांडलेली माणसं संध्याकाळी घरी जातात. इथे त्याच माणसाशेजारी उद्याही झोपायचं असतं.

तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून चार दिवस धावणं, पाच किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत येईपर्यंत. आठवड्यातून एकदा पाठीवर वजन घेऊन चढ. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहेच, आठ किलोपासून सुरुवात करून पंधरापर्यंत न्यावं. उतरताना वजन कमी करायचं असेल तर पाण्याच्या बाटल्या भराव्यात आणि वर ओतून द्याव्यात, गुडघे वाचतात. सॅक, स्लीपिंग बॅग, आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, हार्नेस, स्नो बूट संस्थेकडून मिळतात. चालण्याचे बूट मात्र स्वतःचे न्यावेत, दोन महिने वापरून मऊ केलेले. नवे बूट घालून गेलेल्यांचे पाय पहिल्याच आठवड्यात फोडांनी भरतात. फोड आला तर त्याच दिवशी रोप लीडरला सांगावं, हिमनदीवर पोहोचल्यावर नव्हे. जागा फार लवकर भरतात, त्यामुळे अर्ज बराच आधी करावा. वैद्यकीय दाखला भरताना दमा किंवा जुनी दुखापत लपवू नये. ऋषिकेश किंवा डेहराडूनहून उत्तरकाशीच्या रस्त्यासाठी पूर्ण दिवस धरावा आणि कोर्सच्या एक दिवस आधी पोहोचावं, म्हणजे पहिल्या सकाळच्या धावण्यात प्रवासाचा शीण राहणार नाही.