एलान घ्यावी की एमएक्स-५?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि गॅरेजमध्ये एकाच हौशी गाडीची जागा असलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: १९६२ ची ब्रिटिश लोटस एलान घ्यायची की १९८९ ची जपानी माझदा एमएक्स-५? नातं उघड आहे. दोघींचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोनच माणसांची जागा, बॉनेटमधून वर येणारे दिवे. हिरोशिमाच्या, म्हणजे माझदाच्या, मंडळींनी एलान बारकाईनं अभ्यासली होती आणि ते लपवलंही नाही.

फरक वजनात आहे. मधोमध पोलादी कणा आणि त्यावर फायबरग्लासची बॉडी, या लोटसच्या संस्थापक कॉलिन चॅपमनच्या हिशेबानं सुरुवातीच्या एलानचं वजन ७०० किलोच्याही आत राहिलं. १,५५८ सीसीचं इंजिन साधारण १०५ अश्वशक्तीचं. माझदाचं इंजिन १,५९७ सीसीचं, ११५ च्या आसपास अश्वशक्तीचं, पण गाडी साडेनऊशे किलोच्या घरात. त्यामुळे सरळ रस्त्यावरही एलान मागे पडत नाही, आणि वळणावर तर विचारूच नका. मॅकलॅरेन एफ-१ ही सुपरकार घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनाही एलानसारखं स्टिअरिंग आपल्या गाडीला देता आलं नाही, अशी खंत होती.

मग एलानच घ्यावी? जरा थांबा.

तिच्या इंजिनाचा पाण्याचा पंप पुढच्या आवरणातच बसवलेला आहे. तो गेला की ते आवरण उतरवायचं, आणि बहुतेक वेळा त्यासाठी सिलिंडर हेडही. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमधले रबरी सांधे तडकतात. सुरुवातीच्या गाड्यांत दिवे निर्वाताच्या जोरावर उभे राहतात. गळती लागली की दिवे मिटू लागतात आणि गाडी पेंगल्यासारखी दिसते. बॉडीला गंज नाही म्हणून खूश होऊ नका, तो खाली चेसिसला, म्हणजे त्या पोलादी कण्याला, लागतो. गाडी बघायला जाल तेव्हा रंगाकडे नंतर बघा, आधी पुढच्या सस्पेन्शनचे खांब तपासा. चेसिस बदललेली असेल तर उलट चांगलंच, फक्त त्याचे कागद मागा.

माझदाचं दुखणं वेगळं. दारांखालच्या सिल आतून कुजतात, कारण छताचं पाणी वाहून नेणारी भोकं कचऱ्यानं तुंबतात. पहिल्या दोनेक वर्षांच्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची तक्रार असते, तेवढी जाणकाराकडून बघून घ्या. बाकी किल्ली फिरवा आणि निघा. गिअरची कांडी मनगटाच्या झटक्यात पडते, सुटे भाग सहज मिळतात. एका चांगल्या एलानच्या पैशांत चारेक नीटनेटक्या एमएक्स-५ सहज येतील.

लंडनकरांसाठी एक गंमत. चाळीस वर्षं उलटून ऐतिहासिक वर्गात नोंद झालेल्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि शहराचं प्रदूषण शुल्कही नाही. म्हणजे साठच्या दशकातली एलान फुकट फिरते, आणि तिच्याहून कितीतरी स्वच्छ असलेल्या पहिल्या पिढीतल्या माझदाला सहसा दिवसाचे साडेबारा पौंड पडतात!

माझं मत विचाराल तर पहिली हौशी गाडी माझदाच घ्या. हात काळे करण्यात रविवार गेला तरी ज्याला चहा गोड लागतो, त्यानं एलान घ्यावी. पण सही करण्याआधी कुणाची तरी एलान एकदा चालवून बघा. नंतर माझदा जड वाटली, तर तो धोका तुमचा.